जळकोट ते धाराशिव, सूर्य मावळायच्या आत

मार्गशीर्ष निम्मा सरला की परंड्यात पूर्वेचा वारा सुटतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, पहाटेचं दव उन्हं वर येईपर्यंत पानांवर टिकून असतं, आणि गावाबाहेरच्या सडकेवर जरा वेळ उभं राहिलं की कानाच्या पाळ्या गार पडतात. या दिवसांत लोक हुरड्याची वाट पाहतात. मी हे दिवस कसेबसे काढते. माझ्या आयुष्यातला एक हिवाळा असाच सुरू झाला होता, आणि तो संपला असं मला अजून वाटत नाही.

अलीकडच्या वर्षांत याच दिवसांत आमच्या घरावरून सायकलवाले जातात. डोक्यावर हेल्मेट, छातीवर नंबर, अंगाला घट्ट बसलेले रंगीत कपडे. रविवारी सकाळी बार्शीकडून येतात आणि कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागतात. परवा त्यांतली एक मुलगी पाण्याची बाटली भरून घ्यायला ओट्याशी थांबली. धाप लागलेली, ओठ गारठ्यानं फुटलेले. मी विचारलं, शर्यत आहे का. ती म्हणाली, "शर्यत नाही आजी. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेच्या आत जो पोचला तो जिंकला."

बाटली भरून ती गेली. मी तिथंच ओट्यावर बसून राहिले. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन फार दिवस झाले नव्हते, मी मॅट्रिक होऊन तुळजापूरला आमच्या घरी बसले होते, आणि माझा मोठा भाऊ मनोहर, आमचा दादा, हे वाक्य गावभर सांगत फिरत होता.

दादा गावातल्या एका शाळेत ड्रिलमास्तर होता. आमचे वडील, अण्णा, निजामाच्या काळापासून कचेरीत कारकून. घरात उर्दू लिहायच्या शाईचा आणि देवघरातल्या कापराचा वास एकत्र येई. अशा घरातल्या मुलानं सायकल हाणत रानोमाळ फिरावं हे अण्णांना कधी पटलं नाही, पण ते तोंडानं फारसं बोलत नसत. दादा ड्रिलच्या शिक्षणासाठी पुण्याला वर्षभर राहून आला होता. तिथं त्यानं लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती पाहिल्या होत्या. परत आला तो तेच डोक्यात घेऊन. आपल्या जिल्ह्यातही असं काही सुरू करायचं, पण शर्यत नको, असं त्याचं म्हणणं. शर्यतीत एक जण जिंकतो आणि बाकीचे मान खाली घालून घरी जातात. आपल्याकडं लोक आधीच मान खाली घालून बसलेत, त्यांत भर कशाला.

लोकांना ते कळेना. धाराशिवला जायला मोटार असताना सायकलवर का जायचं, आणि जायचंच तर काही काम असल्याशिवाय का जायचं, असं सगळे विचारत. दादा समजावून सांगत बसे. आधी तो एकटाच तेरपर्यंत जाऊन आला, माणसाला एवढं जमतं की नाही ते पाहायला. संध्याकाळी आला तेव्हा पापण्यांपर्यंत धुळीनं माखला होता. आईनं न्हाणीत पाणी काढून दिलं तर तिथंच भिंतीला टेकून त्याचा डोळा लागला. उठल्यावर म्हणाला, जमतं.

मग सराव सुरू झाला. सोलापूरच्या बाजूला जो घाट आहे तो दादा रोज सकाळी चढे. नुसता चढून पाय तयार होत नाहीत, मागं ओझं पाहिजे, म्हणून पहिल्यांदा त्यानं कॅरिअरला ज्वारीचं पोतं बांधलं. ते वळणावर कलंडलं आणि अर्धी ज्वारी रस्त्यावर सांडली. आईनं पुन्हा पोत्याला हात लावू दिला नाही. तेव्हा तो मला म्हणाला, सुमे, तू बस. आईनं कपाळाला हात लावला. लग्नाची पोर कॅरिअरवर बसून घाटात जाणार म्हटल्यावर गाव काय म्हणेल. पण अण्णा कचेरीत गेलेले असत, आणि दादाला नाही म्हणणं आईला कधी जमलं नाही.

त्या सकाळी मला अजून अंगावर येतात. खडीच्या सडकेचे हादरे, साखळीचा एकसारखा आवाज, दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि खाली दरीत धुक्यातून हळूहळू वर येणारी शेतं. मी पदर खोचून, कॅरिअरची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसायची. माझ्या डोळ्यांसमोर दादाची पाठ. चढ लागला की तो बोलायचा थांबे. सदरा पाठीला चिकटे, मानेवरून घाम ओघळे. सगळी मान भिजायची, फक्त कॉलरच्या जरा वर, डाव्या बाजूला, रुपयाएवढा एक फिक्कट डाग होता तो कोरडा राही. त्याच्यावर रस्त्याची धूळ तशीच बसलेली दिसे. मी घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, शिबं असेल, आणि तिनं काही दिवस लिंबू चोळलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटावं असं त्यात काही नव्हतंच.

जळकोटचे शिवाप्पा त्याला याच सुमारास भेटले. शेतकरी माणूस, चार भावांत धाकटे, बोलण्यात मधूनच कानडी येणारे. नळदुर्गच्या बाजाराला ते सायकलवर भाजीच्या पाट्या घेऊन जात, त्यामुळं ओझ्याची सवय दादापेक्षा त्यांनाच जास्त. वयानं दादाहून मोठे असून ते त्याला मास्तर म्हणत आणि अहो-जाहो करून बोलत. मला ते अक्का म्हणत. दोघांनी मिळून रस्ता ठरवला. सकाळी जळकोटहून निघायचं, नळदुर्ग, तुळजापूर करत धाराशिवला पोचायचं. उलट्या बाजूनं निघालं असतं तर वारा तोंडावर आला असता, म्हणून सुरुवात जळकोटला. नियम एकच. सूर्य मावळायच्या आत पोचायचं. वाटेत प्रत्येक ठाण्यावर एक माणूस बसेल आणि आलेल्याच्या मनगटाला दोरा बांधेल, म्हणजे कुणी मधूनच मोटारीत बसून आला असं व्हायला नको. नळदुर्गला तांबडा, तुळजापूरला पिवळा. धाराशिवला दोन्ही दोरे दाखवायचे की झालं.

पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकीच माणसं आली. एक पोस्टमन, दोन शिक्षक, कुणी दूधवाला, शिवाप्पांच्या भावकीतले दोघे. सायकलींचे मडगार्ड काढून टाकलेले, हँडलला दशम्या आणि शेंगा-गुळाची फडकी बांधलेली. दादा सगळ्यांच्या मागं राहिला. शेवटी कुणीतरी असावं लागतं, नाहीतर जो मागं पडतो तो परत फिरतो, असं तो म्हणे. तुळजापूरच्या पुढं त्या दूधवाल्याच्या चाकात काटा घुसला, नंतर दुसऱ्या चाकात. दादा त्याच्याबरोबर बसून पंक्चर काढत राहिला. आम्ही मोटारीनं पुढं जाऊन धाराशिवला थांबलो होतो. बाकीचे येऊन गूळ-पाणी घेऊन बसले, सूर्य पिवळा झाला, तांबडा झाला, आणि मग लिंबाच्या झाडांखालून ते दोघं येताना दिसले. जमलेली माणसं उठून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या. दूधवाला सायकलवरून उतरला आणि रडायला लागला. त्याला रडायला काय झालं हे त्यालाच सांगता येईना. अण्णाही आले होते. घरी परत येताना मोटारीत ते शेजारच्या माणसाला म्हणाले, तो शेवटी आला ना, तो माझा मुलगा.

त्या दिवसाची आठवण आली की मला सुख व्हायला हवं. होत नाही. तो दिवस आला नसता तर पुढचं सगळं कमी दुखलं असतं, असंच वाटतं.

लांबचा पल्ला मारून आलं की सगळ्यांच्याच हातांना मुंग्या येत. हँडल दाबून धरल्यानं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होई. शिवाप्पा उतरले की हात झटकत उभे राहायचे, थोड्या वेळानं त्यांचे हात पूर्ववत होत. दादाचे होत नव्हते. तो म्हणे, सरावानं जाईल. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली, सायकल भिंतीला टेकली, तरी बोटं तशीच. पावसाळ्यात एके दिवशी तो स्वयंपाकघरात आला. चुलीवर दुधाचं पातेलं उतू चाललं होतं आणि आईचे हात पिठात होते. दादानं पुढं होऊन पातेलं नुसत्या हातांनी उचललं, जमिनीवर ठेवलं, आणि बोलत राहिला. कसलासा वास आला. आईनं पिठाच्या हातांनीच त्याचा हात धरून पाहिला. तळव्याची कातडी पांढरी होऊन सुटली होती. दादा आमच्या तोंडांकडं पाहत होता. काय झालं ते त्याला आमच्याकडून कळलं.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि हाताला, मानेला टाचणी लावून विचारत राहिले, लागतंय का. मी आणि आई भिंतीशी उभ्या होतो. टाचणी टोचत होती आणि दादा डोळे मिटून शांतपणे, खरं तेच सांगत होता. नाही. नाही. आता लावलीत का? नाही. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी महारोग हा शब्द हळू आवाजात उच्चारला आणि लगेच पुढचं सांगितलं. आता गोळ्या निघाल्यात, काही वर्षं नेमानं घ्याव्या लागतील, रोग थांबेल. तुमच्यासारख्यांपासून दुसऱ्याला बहुधा होत नाही, घरात राहा, काम करा. फक्त गेलेली संवेदना परत येईल असं मी सांगू शकत नाही.

दादानं ते जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. त्याला वाटलं होतं की डॉक्टरांनी जे सांगितलं तेच सगळे ऐकतील. अण्णांनी पहिलाच शब्द ऐकला. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दादाचं ताट-वाटी वेगळं झालं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. आईनं डोळ्यांना पदर लावून ते वेगळं ठेवलं आणि दादानं ते निमूटपणे घेतलं.

शाळेतही त्यानं आपण होऊन सांगितलं. हेडमास्तर सभ्यपणे बोलले, पाठीवर हात ठेवायला उचलला आणि मध्येच मागं घेतला, आणि बरं वाटेपर्यंत घरीच राहा म्हणाले. गावात रक्तपिती हा शब्द फिरायला लागला. आमच्या विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायका दुसरीकडं जायला लागल्या.

तरी हिवाळा जवळ येत गेला तसा दादा पुन्हा उजळला. त्या वर्षी कळंबहून, उमरग्याहून नावं आली होती. गावोगावी पहिल्या वर्षाची हकीकत पोचली होती. तो नकाशे काढत बसे. पाण्याची ठाणी कुठं हवीत, कुठल्या वळणावर खडी सुटली आहे, हे शिवाप्पांना समजावी. मग एके दिवशी मंडळी जमली आणि त्याला सांगण्यात आलं की तो असेल तर कुणीही यायला तयार नाही. दादा म्हणाला, ठीक आहे, मी व्यवस्थेतून बाहेर होतो. सगळं तुम्हीच बघा. मी फक्त मागं राहून चालवीन. सडक सरकारची आहे, तिच्यावर सायकल चालवायला मला कुणी अडवू शकत नाही. शिवाप्पा त्याच्या शेजारी उभे राहिले. ते म्हणाले, मास्तर येत असतील तर म्या येतो, न्हायतर म्याबी न्हाय. आणि शिवाप्पांना वगळायची कुणाची छाती नव्हती, कारण जळकोटची सगळी सोय त्यांच्याकडं होती.

ठरलेल्या दिवशी मी, आई आणि अण्णा तुळजापूरला सडकेच्या कडेला उभे होतो. वाऱ्यानं कडबा उडत होता. एकेक सायकल येई, टेबलाशी थांबे, पिवळा दोरा बांधून घेई आणि पुढं जाई. सगळे गेल्यावर बऱ्याच वेळानं दादा आला. त्याच्या मनगटाला तांबडा दोरा होता. तो नळदुर्गला शिवाप्पांनी थांबून बांधला होता, हे मला नंतर कळलं. दादा सायकलवरून उतरला, टेबलाशी गेला आणि हात पुढं केला. टेबलामागचा माणूस त्याचाच शाळेतला सोबती. पहिल्या वर्षी आमच्या घरी जेवायला बसलेला. त्यानं रिळावरून दोरा तोडला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. हात मागं घेतला.

दादानं दोरा उचलायचा प्रयत्न केला. बोटांत तो येईना. आला तर त्याला तो आल्याचं कळेना, आणि सुटून पडे. एकदा वाऱ्यानं उडाला तेव्हा तो वाकून धुळीतून शोधायला लागला. आजूबाजूला पुष्कळ माणसं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, इतकी ती शांतता वाईट होती. मी पुढं निघाले तेव्हा अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांनी सोडलं नाही. शिवाप्पा पुढं निघून गेले होते ते मागं वळून आले, सायकल रस्त्यातच आडवी टाकली, दोरा उचलून दादाच्या हाताला दोन गाठी मारल्या, आणि दोघं निघून गेले.

धाराशिवला काय झालं ते मला शिवाप्पांनी सांगितलं. ते दोघं पोचले तेव्हा दिवस कासराभर वर होता. पण मांडव उतरवून झाला होता, गुळाच्या परातीही उचलल्या होत्या, आणि दोघंतिघं दोऱ्या गुंडाळत होते. त्यांनी सांगितलं, वेळ संपली. शिवाप्पा आकाशाकडं हात करून म्हणाले, "दिवस अजून वर हाय." त्या माणसांनी वर पाहिलं नाही. दादा तिथंच सायकल धरून उभा राहिला, सूर्य खरोखर मावळेपर्यंत. मग म्हणाला, चला.

त्यानंतर असं काही पुन्हा कुणी भरवलं नाही. लोकांना उत्साह उरला नव्हता. एका चांगल्या कामात असं व्हायला नको होतं, असं हळहळून म्हणणारे पुष्कळ होते.

पौष संपायच्या आत दादानं घर सोडलं. लांब पूर्वेकडं अशा रोग्यांची एक वसाहत होती, तिथं औषध मिळे आणि कामही मिळे. कुणी त्याला जा म्हटलं नाही. पण माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं आणि प्रत्येक ठिकाणी बोलणं एका टप्प्यावर येऊन थांबत होतं, हे त्याला दिसत होतं. शिवाप्पा त्याला पोचवायला गेले. निघताना आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. अण्णा देवळात जातो म्हणून सकाळीच बाहेर पडले होते.

वर्षाच्या आत माझं लग्न परंड्याला झालं. इतक्या चटकन कसं जमलं याचं मला नवल वाटलं होतं. घर चांगलं होतं. सासरे नव्हते, सासूबाई मायाळू, दोन नणंदा लग्नाच्या. भाद्रपदात पितृपक्ष आला. आमच्या घरी महालयाला हे पाटावर बसले होते, मी पाण्याची कळशी घेऊन शेजारी उभी होते. भटजी एकेका नात्याचं नाव विचारत आणि हे सांगत. वडील, आजोबा, आजी, चुलते. मग भटजींनी विचारलं, मेहुणा कुणी गेलाय का. सासूबाई आतून म्हणाल्या, "हो, हिचा भाऊ. तरणाताठा गेला बिचारा. मनोहर म्हणा." आणि ह्यांनी माझ्या भावाचं नाव घेऊन तिळाचं पाणी सोडलं.

अण्णांनी सोयरीक जुळवताना काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. कळशी माझ्या हातात होती. ती पडली नाही. माणसाच्या हातून अशा वेळी काही पडत नाही, सगळं नीट धरलेलं राहतं.

जेवणं झाल्यावर मी ह्यांना खरं काय ते सांगितलं. हे वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, माझ्यापाशी बोललीस हे चांगलं केलंस, पण आईला सांगू नकोस. अजून दोघी उजवायच्या आहेत. त्या दोघींकडं पाहून मी ते मानलं, कारण मीही त्याच वाटेनं या घरात आले होते. पुढच्या वर्षी भाद्रपदात पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी माझ्या जिवंत भावाच्या नावाचा भात दर्भावर ठेवला जाई.

आणि तिकडं दादा बरा होत होता. ते शिवाप्पा वर्षातून एकदा येऊन सांगत. तो गोळ्या नेमानं घेतो, तिथल्या पोरांना ड्रिल शिकवतो, सायकल दुरुस्त करायला शिकलाय. बोटं मात्र आखडली आहेत, हँडल मुठीत बसत नाही. काही वर्षांनी तिथल्या डॉक्टरांनी त्याला मोकळं केलं. रोग संपला, कुठंही राहा म्हणाले. तो निघाला आणि सरळ तुळजापूरला आला.

आईनं मला ते फार उशिरा, तुटक तुटक सांगितलं. दुपारची वेळ होती. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. दारात तो उभा राहिला तेव्हा तिनं आधी त्याच्या हातांकडं पाहिलं आणि मग तोंडाकडं, आणि हे उलट झालं याचं तिला मरेपर्यंत दुःख होतं. अण्णा आतून बाहेर आले. दादा म्हणाला, मी बरा झालो. अण्णांनी दाराची चौकट धरली. ते म्हणाले, "बाळ, तू गेलास असं मी सगळ्यांना सांगितलंय." बाळ म्हणाले. लहानपणानंतर त्यांनी त्याला कधी बाळ म्हटलं नव्हतं. दादानं पाणी मागितलं, पायरीवर बसून प्यायला, भांडं विसळून पालथं घातलं आणि गेला.

शिवाप्पा त्याला घेऊन परंड्याला आले. ते एकटेच आमच्या दारात आले आणि सासूबाईंना म्हणाले, अक्काच्या माहेरचं माणूस किल्ल्यापाशी थांबलंय, जरा पाठवा. मी गेले. खंदकाच्या कडेला एका दगडावर तो बसला होता. केस पिकले होते. तो इतका साधा, इतका ओळखीचा दिसत होता की मला आधी काही झालंय असंच वाटेना. त्यानं माझ्या मुलांची नावं विचारली. मोठ्याला सायकल येते का विचारलं. मग किल्ल्याच्या बुरुजाकडं पाहत म्हणाला, "माझं श्राद्ध करता ना गं तुमच्याकडं?"

मी मान हलवली.

"करत राहा. बंद केलंत तर विचारतील."

तो बुरुजाकडंच पाहत होता. मी त्याचा हात हातात घेतला. तो बोलत राहिला, रस्त्याबद्दल, कुर्डुवाडीच्या मोटारीबद्दल, तिथून रेल्वे किती वाजता आहे त्याबद्दल. मी हात दाबला. त्यानं वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं त्याची नजर खाली गेली तेव्हा त्याला कळलं की मी हात धरलाय. "कधीचा धरलायस?" असं त्यानं विचारलं, आणि मग तो बोलायचा थांबला. मोटार येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. शिवाप्पा लांब पाठ करून उभे होते. मोटारीत चढताना दादानं दांडी दंडाच्या आतल्या बाजूनं कवळली, मुठीनं नाही.

तो पुन्हा वसाहतीतच गेला. बरी झालेली पुष्कळ माणसं तिथंच राहत होती. त्यांनाही जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

मग एका पौषात, हुरड्याच्या ऐन दिवसांत, शिवाप्पा आले. तोवर अण्णा गेले होते, आई गेली होती, नणंदा आपापल्या घरी सुखी होत्या. शिवाप्पा ओट्यावर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, मास्तर गेले." न्यूमोनिया झाला होता. तिथंच सगळं आटपलं. शिवाप्पा पोचायच्या आधी आटपलं होतं.

मी घरात गेले. सासूबाई आता फार थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसलेल्या असत. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यांनी विचारलं, काय झालं गं. आता लपवायला काही कारण उरलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, "आई, माझा भाऊ गेला."

त्यांनी मला जवळ ओढलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"हो गं बाई," त्या म्हणाल्या, "पण त्याला किती वर्षं झाली आता. इतकं मनाला लावून घेऊ नये."